सीडी जपून ठेवा

निरवांगी, निमसाखर, खोरोची या नीराकाठच्या पट्ट्यात कॉम्प्युटर कसे आले हे कुणाला लिहायचं असेल, तर त्यानं शाळेपासून सुरुवात करू नये. आधी डेअरीवर जावं. उसाचं बिल आमच्याकडे वर्षातून मोजक्या वेळा येतं, दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी होतो. त्या दहा दिवसांत कुणाच्या नावावर एक लिटर कमी पडलं तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं. म्हणून गावातला पहिला भरवशाचा कॉम्प्युटर डेअरीवर बसला. त्याच्या एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला फॅट मशीन आणि खाली करकर वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असायचा. ग्रामपंचायत, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं हे सगळं नंतर आलं.

मी निरवांगीची सून. एमएस-सीआयटी करून आले होते, कॉम्प्युटर वापरायला तिथं शिकले. तो उघडायला शिकले बारामतीत भिगवण रोडच्या एका दुकानात. तेव्हापासून या पट्ट्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे, आणि ती लिहून ठेवावी असं वाटतं. आमच्या भागात भंगारात गेलेल्या प्रिंटर, स्कॅनर, मोडेममधला मोठा भाग धडधाकट होता. त्यांचा एकही दात तुटला नव्हता, एकही वायर जळली नव्हती. फक्त त्यांचा ड्रायव्हर हरवला होता.

कॉम्प्युटरला प्रिंटर म्हणजे नुसती एक वायर. त्या वायरीतून कुठला संदेश कधी पाठवायचा आणि पलीकडून आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे ज्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं तो ड्रायव्हर. त्या फायली गेल्या की पंधरा हजारांची वस्तू टेबलावर बसून राहते.

डेअरीच्या पहिल्या मशीनवर हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. डॉसवर चालणारं फॉक्सप्रोतलं सॉफ्टवेअर थेट प्रिंटरच्या पोर्टवर अक्षरं ढकलायचं आणि प्रिंटर ती छापायचा. काटा नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला लागायचा. त्या जोडणीचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलेलं, त्यामुळे काटा कुठल्याही गावात बनलेला असो, त्याचं बोलणं कॉम्प्युटरला कळायचं. टाकायला वेगळं काही लागत नव्हतं, त्यामुळे हरवायलाही काही नव्हतं.

ड्रायव्हर वेगळा टाकण्याची सोय तोवर जगात आलेली होती. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत कॉन्फिग डॉट सिस नावाची फाइल आली. तीत एक ओळ वाढवली की नवं उपकरण ओळखलं जायचं. साउंड कार्डासारख्या वस्तूंसाठी मात्र कार्डावरचे बारीक जंपर चिमट्यानं हलवावे लागत, आणि दोन कार्डांनी एकच आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची एकच वाट, मागितली की दोन्ही गप्प बसत. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आली ती प्लग अँड प्लेचं आश्वासन घेऊन: वस्तू जोडा, बाकीचं विंडोज बघेल. एप्रिल १९९८मध्ये कॉमडेक्सच्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचा एक माणूस बिल गेट्स यांच्या समोरच विंडोज ९८वर एक स्कॅनर जोडून दाखवत होता. स्कॅनरची वायर लावली आणि सगळ्या सभागृहासमोर पडदा निळा झाला. लोक हसले. मला त्या प्रसंगात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांनी विंडोज लिहिली त्यांच्याच हातून, त्यांच्याच मंचावर, नवी वस्तू जोडताना हे झालं. मग आमच्या पट्ट्यात रात्री दहाला वीज आल्यावर एकट्यानं सीडी शोधणाऱ्या माणसावर काय वेळ येत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

आणि वेळ येतच असे. २००५नंतरच्या काही वर्षांचं भारनियमन ज्यांनी गावात काढलं आहे त्यांना सांगायला नको. बारा-बारा तास वीज नसायची. आली की नदीकाठच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि दाब इतका खाली जायचा की ट्यूब फडफडायची. यूपीएसची बॅटरी एका उन्हाळ्यात संपायची. अशात चालू कॉम्प्युटर मधेच बंद पडला की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर एनटीएलडीआर सापडत नाही, नाहीतर कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टिम फाइल खराब झाली आहे, असं यायचं. त्यात पेन ड्राइव्हमधून फिरणारे व्हायरस. प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच नावाची एक खोटी फाइल तयार करणारा तर घरोघर होता. यावर सगळीकडे एकच इलाज चालायचा: फॉरमॅट मारा, विंडोज टाका. शहरातला माणूस हे वर्षातून एकदा करत असेल. आमच्याकडे काही मशीनांना दर मोसमात करावं लागे.

विंडोज टाकून झाली की खरं काम सुरू व्हायचं. पडदा मोठ्या मोठ्या चौकोनी अक्षरांत यायचा, कारण डिस्प्लेचा ड्रायव्हर नसायचा. आवाज नसायचा. डिव्हाइस मॅनेजर उघडला की पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग. त्या वेळी आमच्याकडचे बहुतेक कॉम्प्युटर असेंबल्ड असायचे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यातून सुटे भाग आणून बारामतीत जोडलेले. मदरबोर्डच्या खोक्यात एक सीडी यायची आणि त्या सीडीतच सगळं असायचं. ती सीडी जिथं होती तिथं तासाभरात मशीन उभं राहायचं. जिथं ती पोरांनी शेतात पाखरं हाकायला टांगली होती, तिथं दोन दिवस जायचे.

क्रमही ठरलेला होता आणि तो मी आजही मोडत नाही. आधी चिपसेट, मग डिस्प्ले, मग आवाज, मग नेटवर्क, शेवटी प्रिंटर. चिपसेटचा ड्रायव्हर बोर्डावरच्या बाकी रस्त्यांची ओळख करून देतो, तो नसताना पुढचे टाकले तर काही अर्धवट बसतात आणि नंतर कारण सापडत नाही. सीडी नसेल तर प्रश्नचिन्हावर उजवी क्लिक करून हार्डवेअर आयडी काढायचा. प्रत्येक उपकरणात बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नावच त्यांनी घेतलं. तैवानच्या रियलटेकचा १०ईसी. हे दोन क्रमांक पाठ असले की निम्म्या पट्ट्याचं काम होतं, कारण बोर्ड बहुधा इंटेल चिपसेटचा आणि आवाज, नेटवर्क रियलटेकचं. आयडी वहीत लिहून घ्यायचा, बारामतीला जाताना पेन ड्राइव्ह न्यायचा आणि सायबर कॅफेत बसून तेवढ्याच फायली उतरवून आणायच्या.

गावातच का नाही, असं आजच्या मुलाला वाटेल. गावात इंटरनेट मोडेमवर चालायचं, आणि कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या स्वस्त मोडेमांचं निम्मं काम प्रोसेसरवर, म्हणजे ड्रायव्हरमधून व्हायचं. फॉरमॅटमध्ये मोडेमचा ड्रायव्हर गेला की इंटरनेट गेलं, आणि ड्रायव्हर तर इंटरनेटवर. पुढे यूएसबीचे नेट सेटर आले, त्यांच्यात हा गुंता फार हुशारीनं सोडवला होता. जोडल्याबरोबर ते आधी स्वतःला सीडी म्हणून ओळख द्यायचे, त्या सीडीतून आपलाच ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये टाकायचे आणि मग मोडेम व्हायचे. ज्यानं हे सुचवलं त्याला गावाकडची अडचण माहीत असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे. प्रत्येक उपकरणानं आपला ड्रायव्हर पोटात घेऊन फिरावं, ही साधी गोष्ट बाकीच्यांनी का उचलली नाही?

माझे सासरे वालचंदनगरला फिटर होते. इस्रोच्या रॉकेटांची आवरणं जिथं बनतात त्या आवारात त्यांची सगळी नोकरी झाली. सीड्या शोधताना माझी होणारी धावपळ त्यांनी पाहिली आणि म्हणाले, ‘सूनबाई, मशीनबरोबर आलेला कागद मशीनपासून हलवायचा नसतो. आमच्याकडं ड्रॉइंग मशीनशेजारच्या पेटीतच असायचं.’ त्यानंतर मी प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या पत्र्याला, पंख्यापासून लांब, एक कागदी पाकीट चिकटवू लागले. आत ड्रायव्हरची सीडी, वर बोर्डाचं नाव आणि तारीख. लोकांना सांगायचे, सीडी जपून ठेवा, आतच राहू द्या. त्यातली कितीतरी पाकिटं अजून जागेवर आहेत.

मराठीचा इतिहासही याच वाटेनं गेला आहे, आणि तो कुणी फारसा सांगत नाही. डॉसच्या काळात कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकनं पुढे नेलेलं जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपानं मशीनच्या आत बसायचं. पडद्यावर मराठी दिसायची ती त्या कार्डामुळे. म्हणजे साउंड कार्डासारखीच मराठी हीसुद्धा तेव्हा एक जोडलेली वस्तू होती. मग मॉड्युलरच्या श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली आणि लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दशक्रियेची कार्डं त्यावर होऊ लागली. त्यांच्याबरोबर एक कुलूप यायचं, प्रिंटरच्या पोर्टमागे लावायची छोटी डोंगल. फॉरमॅटनंतर तिचाही ड्रायव्हर टाकावा लागे. ती हरवली तर छापखानाच थांबायचा, म्हणून छापखानेवाले तिला सोन्यासारखे जपत.

२००० साली विंडोज २०००मध्ये देवनागरी मुळातूनच आली. तिच्याबरोबरचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी या आपल्या सुलेखनकारानं घडवलेला. पण विंडोज एक्सपीवर, जी आमच्याकडे सर्वांत जास्त वर्षं चालली, ही मराठी झोपलेली असायची. कंट्रोल पॅनलमध्ये भाषांच्या पानावर एक खूण करावी लागे, आणि ती केली की कॉम्प्युटर विंडोजची मूळ सीडी मागायचा. सीडी नाही तर मराठी नाही. ‘वहिनी, अक्षरं तुटतायत, वेलांटी भलतीकडं जातीय’ असा फोन आला की मी सीडीवरच्या आय३८६ नावाच्या फोल्डरची प्रत घेऊन निघायची. सगळ्यांसाठी मी एक नियम केला: विंडोज टाकली की तो फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट बघायला नको. निरवांगीच्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा मराठीत ईमेल लिहिली ती त्या फोल्डरच्या जोरावर.

एक्सपीनं दुसरी एक मोठी सोय दिली होती, ती मात्र फार थोड्यांना माहीत होती. नवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघडलं तर रोल बॅक ड्रायव्हर हे बटण दाबायचं, जुना परत येतो. आधीच्या विंडोज मीमध्ये सिस्टिम रिस्टोअर आलं होतं, तेही एक्सपीत होतं. या दोन गोष्टी शिकवल्या असत्या तर आमच्या भागातले निम्मे फॉरमॅट वाचले असते. मी शिकवत आले आहे. डेअरीच्या सेक्रेटरींना, सेवा केंद्राच्या मुलांना, शाळेतल्या सरांना.

विंडोज व्हिस्टा २००७ साली आली आणि तिच्यापासून ६४ बिटच्या विंडोजमध्ये सही नसलेला ड्रायव्हर चालेनासा झाला. सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात शिरतो, तिथं कोण शिरतं हे बघायलाच हवं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या फाइलनं विंडोजवरची सुमारे ८५ लाख मशीनं बंद पाडली, विमानं जमिनीवर राहिली, ते अशा गाभ्यातल्या ड्रायव्हरमुळेच. पण सहीच्या नियमाचा भार गरीब मशीनांवर पडला. ज्या कंपन्यांनी जुन्या स्कॅनर-प्रिंटरसाठी नवे ड्रायव्हर लिहिले नाहीत, त्यांच्या वस्तू एका रात्रीत निकामी झाल्या. त्यात त्या काळी लोकप्रिय झालेले स्वस्त लेसर प्रिंटर डोकं कॉम्प्युटरकडेच ठेवणारे. एचपीचा लेसरजेट १०२० तर चालू केला की दर वेळी आपलं फर्मवेअर कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरकडून मागून घेतो. असा प्रिंटर ड्रायव्हरशिवाय एक ओळही छापू शकत नाही. जुना डॉट मॅट्रिक्स मात्र अजून छापतो.

सर्वांत अवघड दिवस डेअरीनं दाखवले. नव्या कॉम्प्युटरांवरून सीरियल पोर्ट गेला. काटा तोच राहिला, मग मध्ये यूएसबीची एक निळी केबल आली. तिच्या टोकातली चिप कुणाची, हे वरून कळत नाही. एका सकाळी सहा वाजता सेक्रेटरींचा फोन आला, ‘वहिनी, वजन येईना. रांग रस्त्यापर्यंत गेली.’ मी म्हटलं, ‘दादा, कशाला हात लावू नका, वजनं वहीत लिहा, मी आले.’ रात्री कॉम्प्युटरनं आपणहून ड्रायव्हर बदलला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होत नाही. जुना ड्रायव्हर परत बसवला, पोर्टचा क्रमांक सॉफ्टवेअरला हवा तोच ठेवला, अपडेट अडवलं, आणि शेवटच्या किटल्यांचं दूध काट्यावर मोजलं गेलं.

या केबलींचा इतिहास जगभर असाच कडू आहे. तैवानच्या प्रोलिफिकच्या चिपची नक्कल बाजारात फार झाली, तेव्हा कंपनीनं नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या चिपाच नाकारल्या, त्यात नकलांबरोबर अस्सलही गेल्या. ग्लासगोच्या एफटीडीआयनं ऑक्टोबर २०१४मध्ये तर असा ड्रायव्हर काढला की नकली चिप दिसली की तिचा उत्पादन क्रमांकच पुसून शून्य करायचा. विंडोज अपडेटमधून तो लोकांच्या मशीनांवर पोचला आणि ओरड झाल्यावर कंपनीनंच तिथून काढून घेतला. नक्कल वाईटच. पण केबल विकत घेणाऱ्या दूधवाल्याला चिप अस्सल की नकली हे ओळखायचा कुठला मार्ग होता? दंड त्याच्या वजनाला बसला.

आता माझ्या कामाचा मोठा भाग बोटांच्या ठशांचा आहे. २०११च्या संग्राम प्रकल्पानं ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर बसवले, पुढे आपले सरकार सेवा केंद्रं झाली. १० नोव्हेंबर २०१४ला जीवन प्रमाण सुरू झालं, आणि पेन्शनीसाठी जिवंत असल्याचा दाखला अंगठ्यावर आला. वालचंदनगरहून निवृत्त झालेले नाना-मामा नोव्हेंबरात केंद्रावर येतात. कित्येकांच्या बोटांवरच्या रेषा कामानं पुसट झालेल्या, त्यामुळे ठसा आधीच अवघड. त्यात २०१७पासून आधारनं नोंदणीकृत उपकरणाची अट घातली, म्हणजे स्कॅनरच्या ड्रायव्हरबरोबर आणखी एक आरडी सेवा चालू लागते. दोन्हींपैकी एक आवृत्ती मागे पडली की स्कॅनरचा दिवाच लागत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपल्याच बोटात खोट आहे. मी त्यांना आधी सांगते, ‘मामा, तुमचं बोट बरोबर आहे.’ मग ड्रायव्हर बघते. १ मे २०१८पासून सातबारा डिजिटल सहीचा मिळू लागला. ही सही ज्या यूएसबी टोकनमध्ये राहते त्यालाही ड्रायव्हर लागतोच.

ही अडचण काही आमच्याच पट्ट्याची नाही. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर आला होता. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करायची होती, कागद अडकला की सगळ्यांना संदेश जावा एवढीच. मूळ प्रोग्राम ज्याच्याकडे होता त्यानं करारामुळे तो दिला नाही. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली, तिच्या मुळांपैकी एक मूळ हा प्रिंटर. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या धंद्यातला. विकत घेतलेली वस्तू चालवायची किल्ली विकणाऱ्याकडेच राहावी, हे मला मान्य नाही. इंटेलनं नोव्हेंबर २०१९मध्ये आपल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांच्या बायॉस आणि ड्रायव्हरच्या फायली संकेतस्थळावरून उतरवल्या. त्या कंपनीच्या दृष्टीनं ते बोर्ड संपले होते. आमच्या पट्ट्यात तसल्या बोर्डांवर पतसंस्थांची खाती चालू होती. त्या फायली वाचल्या त्या जगभरच्या हौशी लोकांनी घाईघाईनं प्रती करून ठेवल्या म्हणून. माझ्या हार्ड डिस्कवर त्यातल्या आमच्या उपयोगाच्या आहेत. कुणालाही देते, पैसे घेत नाही.

आता सीड्यांचे ड्राइव्हच राहिले नाहीत. पाकिटात मी लहान पेन ड्राइव्ह ठेवते. मशीन चांगलं चालत असतानाच डिसम नावाच्या विंडोजच्याच आज्ञेनं त्यातले सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घेते. फॉरमॅट मारल्यावर तोच फोल्डर दाखवला की पंधरा मिनिटांत प्रश्नचिन्हं जातात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला. डेअऱ्यांवरची बहुतेक मशीनं विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत. जी बसतात त्यांना नवी विंडोज टाकण्याआधी मी काट्याच्या केबलचा चालणारा ड्रायव्हर, त्याच्या आवृत्तीच्या क्रमांकासह, वेगळा काढते. हे काम संध्याकाळचं दूध झाल्यावरच हाती घ्यायचं, म्हणजे सकाळच्या रांगेआधी अख्खी रात्र हाताशी असते.